वेळ रस्त्यात जात नव्हता

"गोवा केवढासा! कुठूनही निघालं तरी दीड-दोन तासांत माणूस बांबोळीला पोचतो. मग वाटेत थांबवायचं कशाला, सिस्टर?"

स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका आलेल्या रुग्णाला आधी जवळच्या रुग्णालयात उपचार द्यायच्या कामात मला ओढलं गेलं तेव्हापासून हा प्रश्न मला ज्यानं-त्यानं विचारला आहे. डॉक्टरांनी, अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं, एका पंचानं, माझ्या सख्ख्या दिरानंसुद्धा. वरवर पाहता त्यात चूक काही नाही. राज्य अवघं ३,७०२ चौरस किलोमीटरचं. पेडण्याहून निघालेली गाडी म्हापशावरून खाली येते, काणकोणची करमल घाट ओलांडून मडगावला लागते, आणि सगळे रस्ते शेवटी बांबोळीच्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, दारात. मोठा दवाखाना तोच, मोठे डॉक्टर तिथेच. आजारी माणूस तिकडे न्यावा हे इथं पिढ्यांचं शहाणपण आहे.

मी सत्तरी तालुक्यातली, नोकरीची बहुतेक वर्षं मेडिसिन वॉर्डात गेलेली नर्स. आमचं सरकारी रुग्णालय मधल्या फळीतलं. सीटी स्कॅन आहे, फिजिशियन आहेत, मेंदूचा तज्ज्ञ न्यूरॉलॉजिस्ट नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही. गोव्यात नाव लिहिलं की त्या रात्री ड्युटीवर कोण होतं हेही लोक शोधून काढतात. आमच्या फिजिशियन सरांना स्ट्रोकचे नोडल ऑफिसर नेमलं आणि मला समन्वयक. कागदावर समन्वयक, प्रत्यक्षात फोन उचलणारी.

सरांनी पहिलं काम दिलं ते जुने केस पेपर काढण्याचं. अर्धांगवायूचा प्रत्येक रुग्ण घ्यायचा आणि चार वेळा लिहायच्या: त्रास कधी सुरू झाला, घरातून कधी निघाले, आमच्या दारात कधी आले, सीटी कधी झाला. रेकॉर्ड रूममध्ये पंख्याखाली बसून हे करताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की पहिला रकाना भरताच येत नाही. "सकाळपासून", "अचानक", "काल संध्याकाळनंतर". मेंदूच्या झटक्यात सगळे उपचार ज्या एका वेळेवरून ठरतात, तीच वेळ कुणी विचारलेली नव्हती. दुसरी गोष्ट सरांनी कागदावर रेघा मारून दाखवली. रस्त्याची रेघ सगळ्यांत आखूड होती. घरातली लांब, आणि आमच्या दारापासून सीटीपर्यंतचीही लांब. मोटारीनं अर्ध्या तासात आलेला माणूस आमच्या कॉरिडॉरमध्ये त्याहून जास्त वेळ पडून होता. २०२२ च्या डिसेंबरात झुआरीच्या नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली, दुसरी पुढच्या वर्षी. प्रवास खरंच सुखाचा झाला. आमच्या कॉरिडॉरवर मात्र कुणी पूल बांधला नव्हता.

नंतरच्या एका बैठकीत लंडनचा दाखला निघाला. तिथं २०१० मध्ये झटक्याची सेवा नव्यानं मांडली: अनेक रुग्णालयांत विखुरलेले रुग्ण आठ विशेष केंद्रांकडे वळवले, आणि नंतरच्या अभ्यासांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. एका साहेबांनी लगेच हिशेब मांडला. लंडनची वस्ती ऐंशी लाखांच्या वर, तिला आठ केंद्रं. गोव्याची २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार. म्हणजे आपल्याला दीड केंद्र, त्यातलं एक आहेच. सगळे हसले. सरांनी एवढंच विचारलं की लंडनमध्ये ती आठ केंद्रं अशी निवडली होती की अॅम्ब्युलन्स कुठूनही अर्ध्या तासात एका तरी केंद्राशी पोचावी. काणकोणच्या चावडीवरून सत्तरेक किलोमीटर अर्ध्या तासात कसे कापणार? आणि लंडननं केंद्रं निवडताना रुग्णाला दारातून थेट सीटीला न्यायची, चोवीस तास तज्ज्ञ ठेवायची, वॉर्डात प्रशिक्षित नर्स ठेवायची सक्तीही केली होती. आपण फक्त आकडा उचलतो.

त्याच बैठकीत सरांनी स्पेनमधल्या कातालोनियाचा रेसकॅट हा अभ्यासही सांगितला. २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शहरापासून दूरच्या भागात मोठी रक्तवाहिनी बंद पडल्याचा संशय असलेले रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले: काही थेट मोठ्या केंद्राकडे, काही आधी जवळच्या स्ट्रोक रुग्णालयात. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरक निघाला नाही. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांना तो आपापल्या बाजूचा वाटला. मला त्यातून एक साधी गोष्ट कळली. जवळचं रुग्णालय चांगलं चालत असेल तर तिथं थांबल्यानं नुकसान होत नाही. आमचा प्रश्न त्या "चांगलं चालत असेल तर" मध्ये होता.

हृदयविकारासाठी गोव्यात हे आधीच जमलं होतं. स्टेमीच्या योजनेत तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी निघतो, फोनवर जातो, वरून होकार येतो, इंजेक्शन तिथल्या तिथे. म्हणून सगळ्यांना वाटलं, तेच इकडे लावायचं. पण छातीत कळ आली की माणूस स्वतः ओरडतो. झटका दुखत नाही. माणूस गप्प बसतो, घरचे म्हणतात थकला असेल, जरा पडू द्या. आणि ईसीजी प्रत्येक आरोग्य केंद्रात आहे, सीटी नाही. गुठळीनं नस बंद झाली की मेंदूत रक्त सांडलं, हे बाहेरून पाहून कुणालाच सांगता येत नाही. दोघांचं तोंड सारखंच वाकडं होतं. पहिल्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वाचवतं, दुसऱ्यात तेच मारतं. म्हणून सीटीशिवाय पाऊल उचलता येत नाही, आणि इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची.

मग आम्ही दारं मोजायला लागलो.

पहिलं दार कॅज्युअल्टीचं. आमची जुनी रीत अशी: रुग्ण आला, केस पेपर काढा, बेडवर घ्या, बीपी, ईसीजी, रक्त, सलाइन, कॅथेटर, मग फिजिशियनला कॉल, मग सीटीला ट्रॉली. प्रत्येक पायरी योग्यच. फक्त क्रम उलटा. फिनलंडच्या हेलसिंकीतल्या एका रुग्णालयानं २०१२ मध्ये लिहिलं होतं की दारात पाय ठेवल्यापासून इंजेक्शनपर्यंतचा वेळ त्यांनी २० मिनिटांवर आणला. कसं, तर अॅम्ब्युलन्सची ट्रॉली बदलायची नाही, ती थेट सीटीच्या टेबलाशी न्यायची, आणि औषध तिथंच टोचायचं. रक्ताच्या तपासण्यांपैकी इंजेक्शनआधी खरोखर थांबायचं ते एकाच आकड्यासाठी, साखरेच्या. साखर फार उतरली तरी माणूस हुबेहूब अर्धांगवायूसारखा दिसतो. बाकी रिपोर्ट मागून येऊ देत, रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर नसेल तर. कॅथेटर तर नकोच.

हे सांगायला सोपं. आमच्याकडे ट्रॉली सीटीकडे न्यायची तर लिफ्टशी वळण होतं, आणि दुपारी जेवणाच्या गाड्या नेमक्या तिथं. आम्ही खोटा रुग्ण करून ड्रिल केली. अटेंडंटांतला एक जण झोपला, मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. ट्रॉलीचं एक चाक आडवं फिरतं हे सगळ्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं, पण दुरुस्तीची चिठ्ठी त्या ड्रिलनंतर गेली.

दुसरं दार रात्रीच्या सीटीचं. तंत्रज्ञ रात्री ऑन-कॉल, घरी. फोन गेल्यावर तो येणार, मशीन गरम होणार. त्याच्यावर राग काढून उपयोग नव्हता. मंजूर जागाच तेवढ्या होत्या. इथं आमच्या सरांनी शहाणपण केलं. तंत्रज्ञाला बोलवायचा हक्क त्यांनी फिजिशियनकडून काढून कॅज्युअल्टीच्या सिस्टरकडे दिला. १०८ चा फोन आला की सिस्टरनं आधी तंत्रज्ञाला उठवायचं, मग डॉक्टरला. रुग्ण वाटेत असताना तंत्रज्ञही वाटेत. फुकट बोलावणं झालं तरी चालेल, असं लेखी दिलं. त्या "चालेल" शब्दाला मी सोन्याचा भाव देईन. सरकारी नोकरीत सगळी भीती उगाच बोलावल्याची असते, उशिरा बोलावल्याची नसते.

तिसरं दार औषधाच्या कपाटाचं. महाग औषध म्हणून फार्मसीत कुलपात, किल्ली फार्मासिस्टकडे. रात्री वही उघडा, सही करा, बॅच नंबर लिहा. आम्ही ठरावीक साठा कॅज्युअल्टीत मागितला. ऑडिटची हरकत आली, कालबाह्य होऊन वाया गेलं तर जबाबदार कोण? सरांनी लिहून दिलं, मी. मुदत संपत आलेल्या कुप्या फार्मसीशी अदलाबदल करायच्या, एवढ्यावर ते मिटलं.

आणि वजन! हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. औषधाचा डोस किलोवर ठरतो. अल्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं औषध किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, त्यातलं दहा टक्के एकदम, उरलेलं तासाभरात. तसंच दुसरं औषध टेनेक्टेप्लेस, ते किलोमागे ०.२५, एकाच दमात, जास्तीत जास्त २५ मिलिग्रॅम. आणि अर्धं अंग गळालेला माणूस काट्यावर उभा राहत नाही. घरच्यांना विचारलं तर "बारीक आहे हो आमचा बाबा". शेवटी स्टोअरमधला धोब्याच्या गाठोड्यांचा प्लॅटफॉर्म काटा सीटीच्या बाहेर आणून बसवला. ट्रॉलीसकट माणूस चढवायचा, ट्रॉलीचं वजन वजा करायचं. त्या ट्रॉलीवर आम्ही रंगानं तिचं वजन लिहून ठेवलं आहे. बाहेरची माणसं बघून गोंधळतात.

टेनेक्टेप्लेसचा आणखी एक फायदा आमच्यासारख्यांना. अल्टेप्लेस चालू असताना रुग्ण पुढं पाठवायचा तर अॅम्ब्युलन्समध्ये पंप हवा, पंप बघणारा माणूस हवा. एकदम टोचून मोकळं होणाऱ्या औषधात तो त्रास नाही. कॅनडातल्या अॅक्ट या मोठ्या चाचणीनं २०२२ मध्ये दाखवलं की ते अल्टेप्लेसच्या तोडीस तोड आहे. आमच्याकडे वाद तिथं मिटला.

सगळ्यांत अवघड दार मात्र माणसाच्या मनातलं निघालं. रात्री कॅज्युअल्टीत बसलेला मेडिकल ऑफिसर (एमओ) एमबीबीएस, तिशीच्या आतला. मोठ्या केंद्रातले न्यूरॉलॉजिस्ट फोनवर सीटीची चित्रं बघून सांगणार, द्या. टोचणार हा. रक्तस्राव झाला तर बाहेर उभ्या नातेवाइकांसमोर जाणार हाच. १९९५ च्या ज्या अमेरिकी चाचणीवर अल्टेप्लेस उभं आहे, तिच्यात औषध घेतलेल्या शंभरांतल्या सुमारे सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला होता. त्याच चाचणीत तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरं असण्याची शक्यता औषध घेणाऱ्यांत ३० टक्क्यांनी जास्त होती. पण भीती सहाची वाटते, तीसची वाटत नाही. भरीला कुणीतरी २०२० ची टेलिमेडिसिनची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचून आलं: एका डॉक्टरनं दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी रुग्ण ज्याच्या हातात, जबाबदारी त्याचीच. झालं. एक एमओ मला म्हणाला, "सिस्टर, फोनवर कुणीही काहीही सांगेल. उद्या माझी सही आहे."

त्याचं चुकत नव्हतं. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून न्यूरॉलॉजिस्ट नसलेल्या जिल्हा रुग्णालयांत साध्या डॉक्टरांनी फोनवरच्या सल्ल्यानं ही इंजेक्शनं दिली, औषध सरकारनं फुकट पुरवलं. डोंगरात त्यांना दुसरा मार्गच नव्हता. आमच्याकडे बांबोळीचा रस्ता हा मार्ग नेहमी होता, म्हणून धाडस करायची कुणाला गरज वाटत नव्हती. रेफर लिहिलं की सही सुरक्षित.

त्यावर तोड अशी निघाली. खात्याच्या सहीचा लेखी प्रोटोकॉल, त्यात हो-नाहीचे प्रश्न. फोनवरच्या तज्ज्ञानं आपला निर्णय संदेशात लिहून पाठवायचा, नुसता बोलायचा नाही. त्याचा प्रिंट केस पेपरला लावायचा. आणि पहिली काही इंजेक्शनं आमचे सर स्वतः येऊन, एमओच्या शेजारी उभं राहून देणार. मध्यरात्री, पावसात, चवथीच्या आदल्या दिवशीसुद्धा ते आले. प्रोटोकॉलपेक्षा त्यांच्या त्या उभं राहण्यानं जास्त काम झालं असं माझं मत आहे. कागदावर मात्र सगळं श्रेय प्रोटोकॉलला जातं.

नातेवाइकांच्या संमतीचा भाग गोव्यात निराळाच. थोरला मुलगा तारवावर, नाहीतर कुवेतला. त्याला विचारल्याशिवाय घरात पान हलत नाही, आणि त्याच्या बोटीवर त्या घडीला सिग्नल नाही. मी आता पहिल्या वाक्यातच विचारते, घरचा निर्णय कोण घेतं, त्याला आत्ता फोन लावा, मी बोलते. सीटी चालू असतानाच ते बोलणं उरकतं. शंभरात सहा ही गोष्ट मी लपवत नाही. उलट स्पष्ट सांगितलं की लोक लवकर ठरवतात.

काजूच्या दिवसांत एक आजी आली, बागेत बोंडू वेचताना पडलेली. डावा मेंदू, उजवा हात-पाय लुळा, शब्द नाही. सोबत भाचा. कधीपासून? "बागेतच सापडली." शेवटची बरी कुणी पाहिली? तो विचारात पडला, मग म्हणाला की भट्टीवरून बोंडू न्यायला टेंपो आला तेव्हा तिनं ड्रायव्हरशी हुज्जत घातली होती. ड्रायव्हरला फोन लावला. त्यानं वेळ सांगितली, त्याच्या डिलिव्हरीच्या वहीत ती होतीच. मुदतीत होती. बीपी २०० च्या वर, ते १८५ आणि ११० च्या खाली आणल्याशिवाय टोचता येत नाही, ते आणलं. इंजेक्शन दिलं, पुढं केंद्राकडे गेली. भाषा परत आली, हात नाही आला. ड्रायव्हरला ती अजून शिव्या देते म्हणे.

त्या वेळेच्या प्रश्नावर मी सगळ्या सिस्टरांना तयार केलं. "कधी सुरू झालं?" विचारू नका, त्याचं उत्तर "आत्ताच" असंच येतं. "निमाणो बरो केन्ना आशिल्लो?" विचारा, म्हणजे शेवटचा बरा कधी होता. झोपेतून उठताना हात गळालेला दिसला तर घड्याळ रात्री झोपल्यापासून धरावं लागतं, आणि माणूस बाद होतो. पण म्हाताऱ्यांना विचारा, रात्री लघवीला उठला होता का, चालत गेला का, कडी स्वतः उघडली का. पहाटे चारला जो चालत गेला त्याचं घड्याळ चारपासून. या एका प्रश्नानं काही जण मुदतीत परत आले आहेत.

१०८ च्या मुलांशी बसलो तेव्हा त्यांनीच आम्हाला एक गोष्ट शिकवली. ही सेवा गोव्यात २००८ पासून आहे, त्यांना घरांची नस आमच्यापेक्षा जास्त कळते. ते म्हणाले, सिस्टर, नातेवाईक मागून स्कूटरवर येतो, वाटेत पेट्रोल घालतो, आणि तुम्ही आत त्याची वाट बघत बसता. तेव्हापासून नियम: ज्यानं माणसाला शेवटचं बरं पाहिलं तोच अॅम्ब्युलन्समध्ये बसणार, औषधांच्या पट्ट्या पिशवीसकट घेऊन. त्या पिशवीत रक्त पातळ करणारी गोळी निघाली तर सगळं बदलतं. वॉरफेरिनसारख्या गोळीवर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, १.७ च्या वर असेल तर इंजेक्शन नाही.

मोठ्या नसेतली गुठळी इंजेक्शनला दाद देत नाही बऱ्याचदा. तिथं मांडीच्या धमनीतून तार घालून गुठळी ओढून काढतात. २०१५ मध्ये लागोपाठ पाच चाचण्यांनी हे सिद्ध केलं, २०१८ मध्ये निवडक रुग्णांसाठी मुदत २४ तासांपर्यंत गेली. हे काम मोठ्या केंद्राचंच, प्रत्येक तालुक्यात करायचं वेड कुणी घेऊ नये. आमचं काम ते रुग्ण ओळखून पटकन पुढं सोडणं. इथं भांडण झालं ते परत सोडलेल्या गाडीवरून. आणलेली अॅम्ब्युलन्स मोकळी करायची आणि पुढच्या प्रवासाला दुसरी मागवायची ही पद्धत. आम्ही म्हटलं, सीटी होईपर्यंत तीच गाडी दारात थांबू दे. सत्तरी-डिचोलीत गाड्या मोजक्या, एक गाडी अडकली तर तिकडच्या बाळंतिणीनं काय करायचं? हा वाद पूर्ण सुटलेला नाही. सध्या तोंड, हात आणि बोलणं तिन्ही गेलेल्या रुग्णापुरती गाडी थांबते.

वॉर्डाचं लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण बैठकांत त्याला पाच मिनिटं मिळतात. इंजेक्शन मिळणारे थोडेच. रक्तस्राववाले, उशिरा आलेले, बाकी सगळे वॉर्डातच येतात, आणि स्ट्रोकच्या वेगळ्या वॉर्डात, शिकलेल्या हातांखाली ठेवल्यानं माणसं वाचतात आणि स्वतःच्या पायावर घरी जातात, हे इंजेक्शनच्याही आधीपासून सिद्ध आहे. त्याला मशीन लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या नर्सनी २०११ मध्ये दाखवलं: ताप, साखर आणि गिळणं, या तीनच गोष्टी नर्सनी काटेकोर सांभाळल्या, आणि ९० दिवसांनी मृत किंवा परावलंबी असलेले रुग्ण त्यांच्या वॉर्डांत ४२ टक्के निघाले, बाकीच्या वॉर्डांत ५८ टक्के. एवढा फरक महागड्या औषधांनीही पडत नाही. पण नर्सचं काम असल्यामुळं त्याचं उद्घाटन होत नाही.

आमच्याकडे गिळण्याची लढाई पेजेशी होती. घरून डब्यात पेज येते, सोबत शहाळं. आई दोन दिवस उपाशी कशी, म्हणून सून खाटेशी बसून चमच्यानं भरवते. रुग्ण आडवा, घसा अर्धा मेलेला. पेज पोटात न जाता फुप्फुसात. तिसऱ्या दिवशी ताप, पाचव्या दिवशी न्यूमोनिया. आता प्रत्येक रुग्णाला बसवून आधी चमच्यानं पाणी देऊन बघतो. ठसका, ओला आवाज, ओठातून गळणं, यातलं काहीही दिसलं तर तोंडानं काही नाही. खाटेच्या डोक्याशी लाल पाटी. पाट्या लावूनही एका म्हाताऱ्याच्या बायकोनं पेज दिलीच, म्हणून पाटीवर शब्दांऐवजी वाटीवर फुली मारलेलं चित्र काढलं. सुनांना भरवायला बंदी न करता, कसं भरवायचं ते शिकवलं: बसवून, हनुवटी खाली, घट्ट पेज, चमचा लहान. भरवणारे हात रिकामे ठेवले तर ते चोरून भरवतात.

इंजेक्शन दिलेल्यांचं बीपी पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासानं, मग २४ तास होईपर्यंत दर तासाला. रात्री दोन नर्स आणि तीसच्या वर रुग्ण असताना हे कसं होतं ते मला विचारू नका. खाटा चार वेगळ्या केल्या, नर्स वेगळ्या मिळायच्या आहेत.

गावांत बोलायला मी सरांपेक्षा जास्त गेले. "मिनिटाला १९ लाख पेशी मरतात" असं पोस्टर आलं होतं. आकडा खरा, २००६ चा शास्त्रीय अंदाज आहे, पण देवळाच्या मंडपात तो सांगितला की बायका माना डोलावतात आणि विसरतात. त्याऐवजी मी एकाला पुढं बोलावते, हस म्हणते, दोन्ही हात वर धर म्हणते, घरच्या माणसांची नावं सांग म्हणते. यातलं एक जरी बिघडलं तरी १०८. आणि तेल चोळू नका, झोपवून वाट बघू नका.

सत्तरीत वाऱ्यावर, म्हणजे अर्धांगवायूवर, गावठी वखद (औषध) देणारे आहेत. लोक तिथं आधी जातात, बांबोळी नंतर. त्यांच्या विरोधात बोलायचा आग्रह एकानं धरला होता. मी नाही म्हटलं. मी त्यांच्यातल्या एकाच्या पडवीत जाऊन बसले. म्हटलं, तुमचं वखद उद्या द्या, परवा द्या, पण पहिले साडेचार तास आम्हाला द्या. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, तुमच्या इंजेक्शनानं सगळे बरे होतात? नाही म्हटल्यावर तो खूश झाला. आता त्याच्याकडून आलेल्या रुग्णाच्या हातात कधीकधी आमच्या कॅज्युअल्टीचा नंबर लिहिलेला कागद असतो.

सीमेपलीकडच्यांचं काय, हाही प्रश्न रोजचा. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची माणसं गोव्याकडेच येतात. आमच्यातली अर्धी सोयरीक तिकडची. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या विमा योजनेचं कार्ड त्यांच्याकडे नसतं. कॅज्युअल्टीत कार्ड विचारायचं नाही, सीटी झाल्यावर विचारायचं, एवढं आम्ही आमच्यापुरतं ठरवलं आहे. वरून कुणी तसं लिहून दिलेलं नाही, नको असंही म्हटलेलं नाही.

९० दिवसांनी मी प्रत्येक घरी फोन करते. शून्य ते सहा असं मोजमाप असतं, शून्य म्हणजे काहीच उरलं नाही, सहा म्हणजे माणूस गेला. फोनवर मी विचारते, आंघोळ स्वतः करतो का, तिठ्यापर्यंत एकटा जातो का, पैसे मोजतो का. उत्तरं ऐकताना कळतं की आम्ही सगळी अक्कल पहिल्या साडेचार तासांवर खर्च केली. घरी गेलेल्या माणसाला व्यायाम दाखवणारं कुणी नाही. फिजिओथेरपी आमच्या रुग्णालयात आहे, पण सत्तरीच्या आतल्या गावातून लुळा पाय घेऊन दोन कदंब बसगाड्या बदलून कोण येणार, आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. बीपीच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद केलेले निम्मेअधिक या फोनवरच सापडतात.

म्हणून आता मागणी केली आहे की फिजिओथेरपिस्टनं आठवड्यातून दोन दिवस तालुक्याच्या आरोग्य केंद्रांत बसावं. फाइल वर गेली आणि शेऱ्यासह परत आली: प्रवासभत्ता कोणत्या हेडखाली टाकायचा ते कळवावे. सरांनी उत्तर लिहिलं आहे, टायपिंगला दिलं आहे.